नदीकडच्या टेकडीवर ७१० मीटर पायवाट : कामाच्या नोंदी

टेकडी लहानच. झाडी दाट, आणि एका अंगाला खाली नदीचं खोरं पसरलेलं. फिरायला येणारी माणसं एकाच वाटेनं चढायची, नाकासमोर सरळ वर जाणाऱ्या. पावसाळ्यात त्या वाटेचा ओढा व्हायचा आणि उन्हाळ्यात सुट्या खड्यांची घसरगुंडी. जागामालकाची लेखी परवानगी हातात आल्यावर आम्ही सहाजणांनी दर रविवारी चार तास द्यायचं ठरवलं. आमच्यात एक निवृत्त गवंडीकाका होते आणि गुडघे दुखणाऱ्या एक मावशी. बाकीच्या चौघांना खोदकामातलं काही कळत नव्हतं. मी त्या चौघांतला.

पैशांचा हिशोब इथे दिलेला नाही. मजुरीचे आणि सामानाचे दर जागोजागी बदलतात, त्यामुळे हिशोब माणूस-दिवसांत ठेवला. एक माणूस-दिवस म्हणजे एका माणसाचे चार तास.

२ नोव्हेंबर

जुनी वाट टेपनं मोजली. जमिनीवरून १८० मीटर. मधल्या टप्प्यात वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गुडघाभर खोल गेली आहे आणि दोन्ही कडांना झाडांची मुळं उघडी पडली आहेत. गवंडीकाका त्या खाचेत उभे राहून म्हणाले, "ही वाट नाही, नाली आहे. तुम्ही नालीतून चढताय."

जुन्याच वाटेला पायऱ्या कराव्यात असं माझं मत होतं. काकांनी विचारलं, पाणी कुठून जाणार? उत्तर नव्हतं. म्हणजे नवी वाट, टेकडीच्या अंगावरून आडवी, वळणं घेत.

९ नोव्हेंबर

आज अर्धा दिवस फुकट गेला आणि त्याला मी जबाबदार. टेकडीची उंची मी फोनवरून घेतली होती, ८१ मीटर. तेवढ्यावर वाटेची लांबी काढून कागदावर वळणंसुद्धा आखली होती. काकांनी लेव्हल पाइप आणला. पारदर्शक नळी, पाणी भरलेली, दोन टोकांना दोन काठ्या. दर टप्प्याला दीड मीटर उंची घेत चाळीसेक वेळा नळी हलवली आणि आकडा आला ६२ मीटर. फोनला आडवी जागा बरी कळते, उभी उंची मात्र तो खूप चुकवतो. झाडीखाली तर जास्तच.

जमिनीवरून १८० मीटर वाटेत ६२ मीटर चढ म्हणजे, आडव्या अंतराच्या हिशोबानं, सुमारे ३७ टक्के उतार. त्यावरून दोन गोष्टी ठरल्या. एक, वाटेचा चढ टेकडीच्या उतारापेक्षा निम्म्याहून कमी हवा. तसा नसेल तर पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेवरूनच धावायला लागतं. निम्मं म्हणजे इथे साडेअठरा टक्के. दोन, तेवढा चढही सलग ठेवायचा नाही, सरासरी दहाच्या आत हवी. म्हणजे किमान ६२० मीटर वाट. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लांब चालेल, उभी नको."

१६ नोव्हेंबर

आखणीसाठी ए-फ्रेम केली. दोन मीटरचे दोन बांबू वर एकत्र बांधलेले, खाली पायांत बरोबर दोन मीटर अंतर, मध्ये आडवी पट्टी आणि वरून ओळंबा, म्हणजे दोरीला लटकवलेलं वजन. मध्य काढायची पद्धत सोपी आहे. दोन दगडांवर फ्रेम उभी करून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत.

आम्हाला आठ टक्के चढ हवा होता. दोन मीटरला १६ सेंमी. म्हणून मागच्या पायाखाली १६ सेंमीचा ठोकळा बांधला आणि निघालो. खुंटी, फ्रेम, खुंटी, फ्रेम. चाळीस मीटर झाल्यावर मागे वळून पाहिलं तर खुंट्यांची ओळ अगदी सपाट दिसत होती. लेव्हल पाइप लावला. जिथून निघालो त्याच उंचीवर होतो.

कारण कळायला पंधरा मिनिटं लागली. आम्ही फ्रेम कंपासासारखी फिरवत नेत होतो, एक पाय रोवायचा आणि दुसरा गोल फिरवून पुढे टाकायचा. त्यामुळे ठोकळ्याचा पाय एकदा मागे आणि एकदा पुढे येत होता. सोळा वर, सोळा खाली. समतल चर आखताना फ्रेम अशी फिरवली तरी चालते, तिथे ठोकळा नसतो. चढाची रेषा आखताना फ्रेम उचलून सरळ पुढे न्यायची आणि ठोकळ्याचा पाय कायम मागेच ठेवायचा. आम्ही त्या पायाला लाल चिंधी बांधली. वीस खुंट्या उपटल्या.

२३ नोव्हेंबर

रेषा पुन्हा आखली. तीन टप्पे, दोन वळणं. खुंट्यांना सुतळी बांधून आम्ही सगळे त्या रेषेवरून वर-खाली चाललो, आणि हे करायलाच हवं होतं. कागदावर सुंदर दिसणारी रेषा दोन ठिकाणी मोठ्या झाडांच्या बुंध्याला खेटून जात होती. झाडाची बहुतेक मुळं वरच्या साठ सेंमी मातीत असतात आणि पाणी-अन्न घेणारी बारीक मुळं त्याहून वर. फांद्यांचा घेर संपतो त्याच्याही बाहेरपर्यंत ती पसरलेली असतात. वाटेसाठी आतल्या, म्हणजे टेकडीकडच्या, बाजूनं आम्ही सरळ त्याच थरात कापणार होतो.

एका ठिकाणी रेषा तीन मीटर खाली सरकवली. दुसऱ्या ठिकाणी सरकवायला जागाच नव्हती. तिथे खोदायचं नाही, मुळांवर चपटे दगड आणि मुरूम टाकून वाट उचलून घ्यायची, असं ठरलं.

२१ डिसेंबर

तीन रविवार खोदाई, ४६ मीटर झाले. चुन्याची फक्की मारून रेषा पक्की केली आहे. वाटेची रुंदी ७५ सेंमी. दोन माणसं एकमेकांना जागा देऊन जाऊ शकतात, शेजारी शेजारी चालता येत नाही. मुद्दाम तसं ठेवलं. रुंदी दुप्पट केली की मातीचं काम जवळपास चौपट होतं.

मीटरमागे अठरा-वीस घमेली माती निघते. ती वाहून न्यायची नाही, खालच्या उतारावर पातळ पसरायची, हे माहीत होतं. पण कष्ट वाचवायला आम्ही एक शहाणपणा केला. वाटेची आतली अर्धी रुंदी कापली आणि निघालेली माती बाहेरच्या बाजूला रचून, धुमसून, उरलेली अर्धी रुंदी तिच्यावर काढली. काम झपाट्यानं झालं. काका त्या तीनही रविवारी गावाला गेले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

दोन कुदळींचे दांडे मोडले. एक घमेलं खोऱ्याच्या दिशेनं घरंगळत गेलं, सापडलं नाही.

२८ डिसेंबर

गुरुवारी रात्री अवकाळी पाऊस आला. फार नव्हे, तासभर. आज जाऊन पाहिलं तर भरावाची बाहेरची कड सगळीकडे बसली होती, काही ठिकाणी बारा सेंमीपर्यंत. दोन जागी ती माती सरकून खालच्या झाडाच्या बुंध्याशी ढीग झाली होती. मूळ जमिनीवर पालापाचोळा तसाच ठेवून आम्ही त्यावर भराव केला होता. पाला कुजला की बसणार, आणि ओला असला की घसरणार. दुसरं काही होणार नव्हतं.

काका आले, पहार खुपसून पाहिली, फक्त एवढंच म्हणाले, "अख्खी रुंदी कापलेल्या जमिनीवर हवी. भराव चालण्यासाठी नसतो."

४६ मीटर पुन्हा. आतल्या बाजूला आणखी कापायचं, आतली उभी भिंत मागे कलती करायची म्हणजे ढासळणार नाही, आणि सगळी सुटी माती लांब फेकायची. बुंध्यांशी साचलेली माती हातानं काढली. बुंध्याचा तळ मातीखाली गेला की साल कुजते आणि झाड हळूहळू जातं.

११ जानेवारी

४६ मीटर दुरुस्त. अठरा माणूस-दिवस. या वेळी वाटेला बाहेरच्या बाजूनं ढाळ दिला, ७५ सेंमीला सुमारे चार. तपासायला कुठलंही साधन लागत नाही. पाण्याची बाटली वाटेवर आडवी ठेवायची, ती दरीकडे गडगडली पाहिजे. वाटेच्या दिशेनं गडगडली तर चढ जास्त आहे किंवा ढाळ कमी.

नवशिक्यांचा हात आपोआप वाट आतल्या बाजूला उतरती करतो. दरीची भीती असते म्हणून. मग पाणी आतल्या कोपऱ्यात साठून वाटेवरून धावतं. बाटली दर दहा पावलांवर ठेवत गेलो.

२५ जानेवारी

दोन मोठे रविवार. ओळखीपाळखीची वीस माणसं आली आणि दर दिवशी सत्तर-ऐंशी मीटर झालं. मोठ्या गटाबरोबर काम करताना कळलेलं: पुढे चार माणसं फक्त झुडपं आणि पाला साफ करणारी, मध्ये खोदणारी, आणि शेवटी दोघं फक्त ढाळ तपासणारी. शेवटचे दोघं नसतील तर वीस माणसं वीस प्रकारची वाट करतात. माणसांमध्ये दोन मीटर अंतर ठेवा, कुदळीचा घेर तेवढा असतो.

याच टप्प्यात पाणी वाटेबाहेर वळवण्यासाठी आडव्या ओंडक्यांच्या पाच पट्ट्या बसवल्या. त्यांच्याबद्दल पुढे येईल. चांगलं नाही.

१ फेब्रुवारी

पहिलं वळण. मऊ जमीन बघून उताराच्या ऐन मध्यावर केलं. दगडी कठडा काकांनी रचला, कोरडा, चुना-सिमेंट काही नाही. रचताना सांधेमोड पाळायची, खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड. दर दीड-दोन मीटरला एक लांब दगड आत जमिनीत घुसवायचा, आणि भिंत मागे टेकडीकडे झुकवायची. पोकळीत कपच्या ठोकून बसवायच्या, माती भरायची नाही. माती धुऊन गेली की दगड हलतो. मी एक दगड तीन वेळा फिरवून बसवला. काका बाजूला उभे राहून नुसते बघत होते. शेवटी तो चौथ्या बाजूनं बसला.

१५ फेब्रुवारी

वळणाचा खालचा आणि वरचा हात, म्हणजे वळणाच्या दोन्ही बाजूंची वाट, चार मीटर अंतरावर आहेत आणि एकमेकांना दिसतात. दोन आठवड्यांत लोकांनी मध्ये चोरवाट पाडली. आज काटेरी फांद्या टाकल्या.

२२ फेब्रुवारी

काटेरी फांद्यांच्या शेजारून दुसरी चोरवाट.

उभा राहून पाहिलं. माझाही पाय तिकडेच वळत होता, मी ती वाट बांधणारा असूनही. फांद्या, दगड, पाट्या, कशानंही हे थांबणार नाही, कारण समोर वरची वाट दिसते आहे आणि मधला उतार सोपा आहे. मऊ जमीन बघून वळण निवडलं हीच चूक. आम्हाला खोदायला सोपं होतं ते लोकांना कापायलाही सोपं होतं.

वाट आणखी अकरा मीटर पुढे नेली. तिथे माणसापेक्षा उंच कातळ आहे. वळण त्याच्या मागून घेतलं, त्यामुळे खालच्या हातावरून वरचा हात दिसतच नाही. काकांचा कठडा दगड-दगड सोडवून पुन्हा रचला. बारा माणूस-दिवस. चोरवाटेची माती कुदळीनं भुसभुशीत करून वर पाला पसरला.

वरच्या हातावरचं पाणी वळणावरून खालच्या हातावर ओतलं जाऊ नये म्हणून वळणाच्या सहा मीटर आधी वाट थोडी खाली आणून पाण्याला बाहेर काढलं. हे डोक्यात आलं आणि बाकीच्या वाटेचाही प्रश्न तिथेच सुटला.

१ मार्च

ओंडक्यांच्या पाचही पट्ट्या काढून टाकल्या. वाटेला काटकोनात बसवल्या होत्या. पाणी येऊन धडकतं, गाळ टाकतं, मग पट्टीवरून उडी मारून पलीकडे खड्डा करतं. माणसं ओंडक्याला वळसा घालतात आणि वाट रुंद होते. तिरप्या बसवल्या असत्या तर थोड्या जास्त टिकल्या असत्या, तरी गाळ काढणं सुटलं नसतं.

त्यांच्या जागी वाटेलाच वाकवलं. चढणारी वाट मध्येच दोन-तीन मीटर हलकेच उतरवायची, मग पुन्हा चढवायची. सगळ्यात खालच्या जागी बाहेरची कड फावड्यानं मीटरभर उघडी ठेवायची. वरून आलेलं पाणी पुढे चढू शकत नाही, तिथेच बाहेर पडतं. चालणाऱ्याला कळतही नाही. आमच्यात त्याला ‘बुडी’ नाव पडलं. दर बारा-पंधरा मीटरला एक. आधीच झालेल्या वाटेत बुड्या घालणं म्हणजे दुप्पट काम, नव्या खोदाईत मात्र त्यांना वेगळा वेळ लागत नाही. वाटेची लांबी बुड्यांमुळे ७१० वर गेली.

२२ मार्च

दुसरं वळण कातळांच्या खिंडीत. काही झालं नाही, नोंदण्यासारखं काही नाही.

५ एप्रिल

आजचा दिवस खोदाईचा कमी आणि भांडणाचा जास्त. माथ्यावर पोहोचल्यावर खोरं दिसावं ही सगळ्यांची इच्छा, आणि माथ्यावरून झाडांशिवाय काही दिसत नाही. दोघांचं म्हणणं, कडेची सात-आठ झाडं काढू. काका आणि मी विरोधात. ती झाडं उताराच्या ऐन ओठावर आहेत, त्यांच्या मुळांनीच तो ओठ धरून ठेवला आहे.

मावशी त्या वेळी तिसऱ्या टप्प्यावर, माथ्याच्या वीसेक मीटर खाली, दम घ्यायला बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली. तिथे कधीतरी एक मोठं झाड पडलेलं आहे, त्याच्या जागी आभाळ मोकळं आहे, आणि नदीचं वळण तिथून पूर्ण दिसतं. बाहेरचा काठ उभा, कातरलेला. आतल्या काठाला वाळूचा पांढरा चंद्रकोरी पट्टा. वळणाच्या बाहेरच्या बाजूनं पाणी वेगानं जातं आणि काठ खातं, आत मंदावतं आणि वाळू टाकतं. पुस्तकातली आकृती कुणीतरी खाली अंथरून ठेवल्यासारखी. दहा मिनिटं कुणी कुदळ उचलली नाही.

भांडण संपलं. बघायची जागा तिथेच.

१२ एप्रिल

त्या जागेवरून दिसण्यासाठी चारच फांद्या काढायच्या होत्या. आधी दुर्बिणीनं घरटी नाहीत ना ते पाहिलं. पहिली फांदी मी वरूनच कापायला घेतली. अर्ध्यावर आल्यावर ती स्वतःच्या वजनानं मोडली आणि खोडाची साल चाळीस सेंमी खाली सोलत गेली. वाईट वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं.

बाकीच्या तीन नीट कापल्या. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश काप, मग थोडं पुढे वरून पूर्ण काप. फांदी सालीला धक्का न लावता पडते. उरलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापायचा. कडा शाबूत राहिला तर झाड जखम स्वतः मिटवतं. वर रंग, डांबर काही लावायचं नाही.

२६ एप्रिल

माथ्याखाली कातळाचा छोटा टप्पा आहे, सव्वादोन मीटर उंच. तिथे वाट वळवता येत नाही, पायऱ्याच हव्यात. दगडी दहा पायऱ्या, दोन रविवार. खालून वर बांधत न्यायच्या, वरची पायरी खालच्या पायरीच्या मागच्या भागावर चार-पाच सेंमी चढलेली हवी. वरून सुरुवात केली तर प्रत्येक दगड खालच्यावर नुसता टेकून राहतो आणि पहिल्या पावसात हलतो. हे सगळं बरोबर केलं.

३ मे

मावशी आल्या. चौथ्या पायरीवर गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या. "चढेन मी," त्या म्हणाल्या, "पण उतरायला मला दुसऱ्या वाटेनं जावं लागेल, आणि ती तुम्ही बांधलेली नाही."

सव्वादोन मीटरला दहा पायऱ्या म्हणजे एक पायरी २२ सेंमीहून जास्त. फ्रेंच वास्तुविशारद ब्लॉन्देलनं सतराव्या शतकातच हिशोब मांडून ठेवलेला आहे: पायरीची उंची दुप्पट करून त्यात पाय ठेवायची खोली मिळवा, बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी यावी. आज ती ६० ते ६४ सेंमी धरतात. आमची २२ अधिक २२ अधिक ३०, म्हणजे ७४. गवंडीकाकांना हे तोंडपाठ होतं, पण दगड उंच मिळाले म्हणून आम्ही सगळ्यांनी डोळेझाक केली.

१० मे

चौदा पायऱ्या, प्रत्येकी १६ सेंमी, खोली ३०. बेरीज ६२. आणखी बारा माणूस-दिवस. मोठे दगड फोडायला छिन्नी-हातोडा लागला आणि एका अंगठ्याचं नख गेलं. चष्मा न घालता दगड फोडू नका, कपची डोळ्यात जाते.

१७ मे

खुणा. झाडांना खिळे मारायचे नाहीत हे आधीच ठरलेलं. दगडांवर पांढरे पट्टे रंगवले. संध्याकाळी उतरताना लक्षात आलं की सगळे पट्टे चढणाऱ्याला दिसतात, उतरणाऱ्याला एकही नाही. आखणी करताना आम्ही कायम वर तोंड करून असायचो. उरलेल्या रंगात उलट्या बाजूचे रंगवले.

पायथ्याच्या पाटीवर किती वेळ लिहायचा? स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२ सालचा ठोकताळा वापरला: पाच किलोमीटरला एक तास, आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. ७१० मीटरला साडेआठ मिनिटं, ६२ मीटर चढाला सहा. पंधरा मिनिटं. मावशींना चोवीस लागली. पाटीवर ‘१५ ते २५ मिनिटे’ लिहिलं.

३१ मे

जुनी वाट बंद करण्यात दोन रविवार गेले. खाचेत आडवे दगडी बांध घालायचे ठरवलं होतं. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यायला हवा, नाहीतर पाणी मध्ये उडी मारून खणत राहतं. फूटभर उंचीचे बांध, ३७ टक्के उतार, म्हणजे दर ऐंशी सेंमीला एक. १८० मीटरला सव्वादोनशे बांध. सहा बांध झाल्यावर हा गुणाकार केला, आधी करायला हवा होता.

मग वरच्या टोकाला, जिथून पाणी खाचेत शिरतं, तिथे ते बाजूच्या झाडीत पसरवून दिलं. सहा बांध तिथेच कामी आले. बाकी खाचेत फांद्या आणि पाला आडवा दाबून भरला. पायथ्याशी जुन्या वाटेचं तोंड सरळ समोर दिसायचं आणि नव्याचं बाजूला लपलेलं होतं. नव्या वाटेचे पहिले आठ मीटर बदलून तिचं तोंड समोर आणलं, जुन्या तोंडाशी झुडपं लावली. पाटी लावलेली नाही. ‘प्रवेश बंद’ वाचून माणूस आत काय आहे ते बघायला जातो.

हिशोब: २४० माणूस-दिवस. त्यातले सुमारे ४५ केलेलं काम पुन्हा करण्यात. कुदळीचे दांडे चार, घमेली दोन, नखं एक.

१४ जून

पहिला मोठा पाऊस चालू असतानाच दोघं वर गेलो. वाट बांधली असेल तर पावसातच बघायला जा, दुसऱ्या दिवशी फक्त पुरावे सापडतात. ऐन पावसात पाणी कुठून येतं, कुठे विचार करतं, कुठे मन बदलतं, सगळं दिसतं.

बहुतेक ठिकाणी पाणी वाट ओलांडून गेलं, पातळ पत्र्यासारखं. मुळांवर उचललेला भाग कोरडा. वळणाच्या आधीची बुडी चोख. पण सातव्या बुडीपाशी पाणी बाहेर न पडता पुढच्या चढावर धापा टाकत चढलं आणि तिथून वीस मीटर वाटेवरून धावलं. बाहेरच्या कडेला लोकांच्या पायांनी दाबून मातीची बोटभर वरंबी झाली होती, तेवढी पुरली. बुटाच्या टाचेनं ती फोडली. पाणी दोन सेकंद थांबलं आणि वळलं.

जुन्या खाचेत पाला जागेवर होता. खाली गढूळ पाणी आलं, पण पूर्वीसारखा लोंढा नाही.

२८ जून

खालच्या हातावर भिंतीतला एक दगड बाहेर आलाय, मी तीन वेळा फिरवलेला तोच. काकांना अजून सांगितलेलं नाही.

बघण्याच्या जागेवर बाक करायचा राहिला. मावशी सध्या पडलेल्या खोडावर बसतात. आज खोरं धुक्यानं भरलेलं होतं, वळण दिसलं नाही, तरी त्या अर्धा तास बसून होत्या. वर यायला एकवीस मिनिटं लागली म्हणाल्या.

सातवी बुडी पुन्हा बुजली. फावडं तिथेच कातळामागे ठेवलंय.